बोरघाट, थळघाट की कोकण रेल्वे? रेल्वेचा इतिहास गाडीत बसून बघायचा असेल तर

एकच प्रवास जमणार असेल तर बोरघाट चढा. दोन जमत असतील तर आधी बोरघाट आणि मग कोकण रेल्वे, याच क्रमाने. थळघाट नाशिकला किंवा शिर्डीला जाताना वाटेत लागणारच आहे, फक्त तेवढ्या अर्ध्या तासात झोपू नका.

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीला फोनवर मी हे उत्तर दिलं. तिचा मुलगा आठवीत आहे. शाळेत ‘पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला धावली’ हे वाक्य पाठ करून घेतलं, आणि त्यावर त्याने विचारलं, “मग पुढे काय झालं?” प्रश्न अगदी खरा आहे. त्याचं उत्तर देण्यासाठी तिच्या हातात सुट्टीचे तीन दिवस होते. आपल्या देशातली रेल्वे कशी वाढली हे एका प्रवासात दाखवायचं तर कुठे न्यावं, हे तिला ठरवायचं होतं. फोनवर बरंच राहून गेलं, ते इथे लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ठाणे हे मुक्कामाचं ठिकाण कधीच नव्हतं. चौदा डबे, तीन इंजिनं, चारशे पाहुणे आणि तोफांची सलामी हा सोहळा होता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे म्हणजे जीआयपी ही कंपनी १८४९ साली उभी राहिली तीच मुळी घाटापलीकडे पोचण्यासाठी. वऱ्हाड-खानदेशचा कापूस तेव्हा बैलांच्या पाठीवरून घाट उतरत मुंबईच्या बंदरात यायचा. वाटेत पाऊस लागला की भिजायचा, धूळ-मातीने खराब व्हायचा. इंग्लंडच्या गिरण्यांना तो लवकर आणि चांगला हवा होता, सरकारला सैन्य झटपट हलवता यायला हवं होतं. कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी होती आणि नफा कमी पडला तर तूट इथल्या महसुलातून भरली जायची. म्हणजे रूळ विलायती कंपनीचे असले तरी जोखीम इथल्या रयतेची होती. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या मुंबईकरांनी रेल्वेसाठी मनापासून धडपड केली, तेही खरंच आहे. दोन्ही गोष्टी मुलांना एकत्रच सांगाव्यात असं मला वाटतं.

मुंबईच्या पूर्वेला सह्याद्री भिंतीसारखा उभा. सुरुवातीला माळशेज घाटातून वर चढायचा विचार होता. जीआयपीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी पाहणी करून तो सोडला आणि दोन वाटा निवडल्या : आग्नेयेला पुण्याकडे बोरघाट, ईशान्येला नाशिककडे थळघाट, म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तो. कल्याण-नगर रेल्वे माळशेजमार्गे व्हावी ही मागणी आजही ऐकू येते, तिची मुळं या निवडीपर्यंत जातात.

आता बोरघाट. मी इथे जास्त वेळ थांबणार आहे, कारण इथे सगळं डोळ्यांना दिसतं.

१८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत आली आणि डोंगरापाशी थांबली. १८५८ च्या जूनमध्ये वरचा खंडाळा ते पुणे हा टप्पा सुरू झाला. मधला घाट अजून व्हायचा होता. त्यामुळे पाच वर्षं प्रवासाची तऱ्हा अशी होती की खोपोलीला उतरायचं, पालखीत, घोड्यावर किंवा बैलगाडीतून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं. हे मुलाला समजवायचं असेल तर माझी एक सूचना आहे. घाट चढायच्या आधी कर्जतहून खोपोलीची लोकल पकडा. पळसदरीनंतर ही शाखा वेगळी होते आणि खोपोलीला जाऊन संपते. फलाटावर उतरलात की समोर डोंगर उभा असतो, पुढे रूळच नाहीत. १८५६ सालचा प्रवासी जिथे उतरून वर बघत असेल तिथेच आपण उभे असतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा कितीतरी वेळ नुसता वर बघत राहिलो. पुस्तकात वाचलेली पाच वर्षं तिथे एकदम खरी झाली.

घाटाचं काम १८५६ च्या सुरुवातीला हाती घेतलं. साधारण पंचवीस किलोमीटरची चढण, १,८३१ फूट उंची, पंचवीस बोगदे, आणि सर्वांत कठीण जागी ३७ फुटांमागे एक फूट चढ. कड्यावर उभं राहायला जागा नसायची तिथे माणसं दोरानं खाली सोडून सुरुंगाची भोकं पाडली. ऐन हंगामात चाळीस हजारांहून जास्त मजूर एका वेळी या घाटात राबत होते. पटकी आणि तापाने त्यांतले हजारो इथेच गेले. मजुरी वेळेवर मिळेना म्हणून १८५९ च्या जानेवारीत मजूर उठले, दंगल झाली, आणि फॅविएल नावाचा ठेकेदार काम सोडून गेला. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका सोडला नाही, दोन अभियंत्यांच्या मदतीने काम पुरं करून घेतलं. बर्कले १८६२ साली वारले, त्यांना घाट पूर्ण झालेला बघायला मिळाला नाही. १८६३ च्या एप्रिलमध्ये मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. बर्कले आणि ट्रेडवेल यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. दोरावर लोंबकळणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपण सांगू शकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली आणि त्या बदल्यात त्याला जीव गमवावा लागला, अशी कथा तिथे सांगतात. इतिहासाच्या कागदात ती सापडो न सापडो, ट्रकवाले अजून तिथे नाणं टाकून पुढे जातात. निनावी माणसांची आठवण लोकांनी अशी आपल्या परीने जपली आहे.

घाटात पूर्वी एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. डोंगराच्या टोकावर वळायला जागा नव्हती, म्हणून गाडी एका आंधळ्या फाट्यावर जाऊन थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि गाडी उलट्या दिशेने पुढची चढण चढायची. घाटाचं विद्युतीकरण झालं त्या काळात, १९२९ च्या सुमारास, नवे बोगदे काढून ही अडचण संपवली. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावू लागली ती याच विजेच्या जोरावर. मालगाड्या ओढणारं तेव्हाचं लांबोडकं विजेचं इंजिन लोकांच्या तोंडी ‘खेकडा’ झालं होतं.

एवढा इतिहास झाला, पण चढ तोच राहिला. म्हणून आजही पुण्याकडे जाणाऱ्या एक्स्प्रेसला कर्जतला मागून ‘बँकर’ इंजिनं लावतात. मुलाला घेऊन जाणार असाल तर शेवटच्या डब्याचं तिकीट काढा किंवा कर्जतला गाडी थांबली की मागे चालत जा. दोन-तीन इंजिनं हळूहळू मागे सरकत येतात, एक माणूस हात दाखवत असतो, मग धप्प असा आवाज होतो आणि तो धक्का डब्याडब्यांतून पुढे जातो. वडेवाल्याच्या पाटीतले कागद हलतात. मग शिट्टी, आणि गाडी पुढून ओढली जाते, मागून ढकलली जाते. ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा करत तासाभराच्या आत आपण लोणावळ्याला असतो आणि तिथे बँकर सुटतात. मात्र वंदे भारतने जाऊ नका. तिची मोटारशक्ती डब्यांखालीच विभागलेली असल्यामुळे तिला बँकर लागत नाही. ती छानच गाडी आहे, पण आपल्याला जे दाखवायचं आहे ते नेमकं तिच्यात नाही.

थळघाटाचं महत्त्व नकाशावर बघितलं की कळतं. देशाच्या जाळ्याच्या दृष्टीने तो बोरघाटापेक्षा मोठा ठरला, हे मी मान्य करतो. गाडी १८६१ साली कसाऱ्याला आणि १ जानेवारी १८६५ ला इगतपुरीला पोचली. घाट लहान, सुमारे पंधरा किलोमीटरचा. उंची ९७२ फूट, बोगदे तेरा, पण चढ तोच, ३७ फुटांमागे एक फूट. वर गेल्यावर मात्र सगळा देश उघडा झाला. भुसावळपासून एक फाटा वऱ्हाडातून १८६७ साली नागपूरला गेला. दुसरा जबलपूरकडे गेला आणि मार्च १८७० मध्ये तिथे अलाहाबादकडून आलेल्या ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाला. त्या दिवसापासून मुंबईहून कलकत्त्यापर्यंत सलग रूळ झाले. बोरघाटाकडचा रस्ता पुणे-सोलापूर करत १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेला भेटला. अठरा वर्षांपूर्वी ठाण्याला गेलेली गाडी एवढ्या काळात दोन समुद्रांना जोडून मोकळी झाली.

कापसाचा धागा इथे फार स्पष्ट दिसतो. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. थळघाट खुला झाला १८६५ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये युद्ध संपत आलं. भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या. रूळ मात्र राहिले, आणि पुढची कित्येक दशकं त्यांवरून कापूस बंदराकडे जात राहिला.

मग मी थळघाट पहिला का सांगत नाही? कारण तो पटकन संपतो. कसाऱ्याला बँकर लागतात, एकामागून एक बोगदे जातात, एहेगावच्या उंच पुलावरून क्षणभर खालची दरी दिसते आणि इगतपुरी येते. इगतपुरी हे खरं रेल्वेचं गाव, तिथली वस्ती आणि दिनक्रम रेल्वेभोवती वाढलेला. पण कारण समजलं असेल तरच हा घाट बोलतो. आठवीतल्या मुलाला नकाशा आवडत असेल, स्टेशनांची नावं पाठ असतील, तर थळघाट निवडा आणि भुसावळपर्यंत जा. भुसावळला एक वाट नागपूरकडे आणि एक खंडवा-इटारसीकडे फुटताना बघितली की देशाचं जाळं कसं विणलं गेलं ते त्याला कुणी सांगावं लागणार नाही.

आता कोकण रेल्वे. इथे गोष्ट उलटी होते.

मुंबईहून गाडी दूर कलकत्त्याला १८७० मध्ये पोचली. रत्नागिरीला पोचायला मात्र विसाव्या शतकाची अखेर उजाडली. अवघड डोंगर हे याचं एक कारण, पण तेवढंच नाही. सह्याद्री चढणाऱ्यांना डोंगराची भीती नव्हती. कोकणात वऱ्हाडासारखा कापूस नव्हता. कोकणातून मुंबईला जायची ती माणसं, आणि परत यायच्या त्या मनीऑर्डरी. त्यासाठी आगबोटी होत्या. माझी आजी विजयदुर्गला चढायची. आगबोट खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, आणि लाटेवर पडाव वर आला की नेमक्या त्या क्षणी पोरं वर द्यायची. हे सांगताना तिचे हात अजून तसेच उचलले जायचे. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून जास्त माणसं गेली. जलवाहतुकीची ही किंमत कोकणातली घरं विसरलेली नाहीत. म्हणून रेल्वेची मागणी तिथे भाषणापुरती नव्हती. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी ती संसदेत लावून धरली.

१९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. ई. श्रीधरन त्याचे पहिले प्रमुख. पैसा उभा करण्याची पद्धत जीआयपीशी ताडून बघण्यासारखी आहे. इथे केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ ही राज्यं भागीदार झाली आणि बाकीची रक्कम बाजारात रोखे विकून उभारली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, लहान-मोठे मिळून जवळजवळ दोन हजार पूल. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी धावली. आठ वर्षांपेक्षा कमी वेळ लागला. बोरघाटाच्या पंचवीस किलोमीटरला सात वर्षं लागली होती, हे आठवून बघा.

दोन्ही प्रवास का करावेत, याचं सर्वांत चांगलं कारण चढात आहे. बोरघाटात ३७ ला एक, तर कोकण रेल्वेवर १५० ला एक. एकोणिसाव्या शतकात लांब बोगदा म्हणजे हातोडा, छिन्नी आणि सुरुंगाची काळी दारू. त्यामुळे अभियंते डोंगराच्या अंगावरून वळणं घेत चढले आणि तीव्र चढ पत्करला, ज्याची किंमत आपण आजही बँकर लावून मोजतो. कोकणात यंत्रं हाताशी होती, म्हणून त्यांनी डोंगर सरळ भेदले, दऱ्या उंच पुलांनी ओलांडल्या, आणि गाडी जवळपास सपाटीवरून धावते. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. बांधला तेव्हा तो देशातला सर्वांत उंच रेल्वेपूल होता. करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आणि काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा २०१३ मध्ये सुरू होईपर्यंत देशातला सर्वांत लांब.

खडक फोडणं त्यांना जमलं, मातीने मात्र छळलं. पेडण्यासारख्या ठिकाणी पाण्याने भरलेली मऊ माती बोगद्यात पुन्हा पुन्हा कोसळत होती आणि काम तिथेच सर्वांत जास्त रखडलं. गोव्यात खाजन जमिनींच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींच्या काळजीने लोक मार्गाविरुद्ध उभे राहिले, तीही बाजू मुलांना सांगायला हवी. पावसाळा अजूनही इथला खरा मालक आहे. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळलेल्या रुळांवर गाडी आदळून पन्नासच्या वर माणसं गेली. तेव्हापासून कडे सोलणं, जाळ्या बसवणं, पावसाळ्यात वेग कमी करून वेगळं वेळापत्रक चालवणं हे सगळं अधिक काटेकोरपणे होतं. भर पावसात कंदील आणि काठी घेऊन रुळांवरून चालत जाणारा गस्तवाला खिडकीतून दिसला तर मुलाला जरूर दाखवा.

कोकण रेल्वेची अडचण वेळेची आहे. घाट अर्ध्या दिवसात बघून होतो, इथे मुंबई ते रत्नागिरीलाच सहा-सात तास धरा. गणपतीत आणि मे महिन्यात आरक्षण मिळणं कठीण. रात्रीची गाडी घेतलीत तर सगळा प्रवास फुकट, बोगदा आणि पूल दोन्ही काळेच दिसतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी बोरघाटच सुचवेन, पुण्याला उतरून संध्याकाळी परत येता येतं. ऋतूचं म्हणाल तर बोरघाट पावसाळ्यात, कोकण पावसाळा सरल्यावर.

गोव्याला जायचंच असेल तर आणखी एक पर्याय आहे, कर्नाटकातल्या कॅसलरॉकहून गोव्यातल्या कुळ्यापर्यंतचा घाट. पोर्तुगीज आणि इंग्रज सरकारांच्या १८७८ च्या करारातून ही वाट मुरगावच्या बंदरापर्यंत आली आणि १८८८ मध्ये घाटाचा भाग पुरा झाला. चढ इथेही ३७ ला एक, आणि दूधसागर धबधब्याच्या अगदी समोरून गाडी जाते. ही मूळची मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली. १८७० नंतर खर्च वाचवण्यासाठी सरकारने अरुंद रुळांना मान्यता दिली, आणि पुढे शंभर वर्षं माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवण्याचा त्रास देशाने सोसला. मिरजेला तर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेचे नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. या घाटातून दिवसाउजेडी जाणारी गाडी निवडा. धबधब्याजवळ उतरून रुळांवरून चालायला मनाई आहे, आणि ती पाळा. तिथे जीव गेले आहेत.

माथेरानची गाडी मी या यादीत धरत नाही. १९०७ ची ती सुंदर गाडी आदमजी पीरभॉय कुटुंबाने हौसेने बांधली. तिच्यात बसायची मजा आहे, पण देशाचं जाळं कसं वाढलं हे ती सांगत नाही.

मावसबहिणीने शेवटी पहिल्या दिवशी खोपोली आणि बोरघाट, दुसऱ्या दिवशी विश्रांती, तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने रत्नागिरी असं ठरवलं. तिला एक काम सांगून ठेवलं आहे. बोरघाटातल्या प्रत्येक बोगद्याला मुलाने आकडे मोजायचे, एक, दोन, तीन, उजेड येईपर्यंत, आणि वहीत लिहून ठेवायचे. मग कोकणात उक्षी स्टेशन मागे पडलं की वही उघडायची आणि करबुडेच्या अंधारात पुन्हा मोजायला लागायचं.